सगळ्यात साफ चित्राचा कॉम्प्युटर

खोलीत सात कॉम्प्युटर होते. सहा भिंतीला लागून असलेल्या लांब बाकावर, जुन्या लुगड्याच्या फडक्यांखाली झाकलेले. सातवा खिडकीजवळ वेगळ्या टेबलावर, उघडा. याशिवाय पाच मॉनिटर, तीन टेपरेकॉर्डर, अकरा जॉयस्टिक, त्यातल्या आठांची दांडी ढिली. कॅसेटी दोन खोकी भरून. एका खोक्यात बासष्ट निघाल्या, दुसरं मोजायचं राहिलं. भिंतीवर प्लगच्या चौदा जागा. दारावर खडूनं लिहिलेली आणि नंतर कुणीतरी रंगानं पक्की केलेली एक सूचना: चपला बाहेर काढा.

प्रियंकानं हे सगळं वहीत उतरवलं. राजपाल म्हणाला, "पंचनामा करायलीस का काय?"

"दादा, घ्यायच्या आधी काय काय हाय ते तरी बघावं का न्हाई?"

"बघ की. शास्त्रज्ञीणबाई आल्यात म्हणल्यावर आमी गप्प."

दोघं बहीणभाऊ बीदरजवळच्या जनवाड्याचे. राजपाल चार वर्षं हैदराबादेत एका मॉलच्या गेम झोनमध्ये काम करून परत आला होता आणि नौबादमध्ये एक शटरची खोली घेऊन बसला होता. त्याला तिथं जुन्या गेमांचं दुकान काढायचं होतं. मोबाइलवर नाही, खऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर: कॅसेट लावायची, पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या नाचताना बघत चार मिनिटं वाट बघायची, आणि मग खेळायचं. त्याच्या मते खरी गंमत त्या चार मिनिटांत होती. रविवारी उद्घाटन होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि दुकानात अजून एकही कॉम्प्युटर नव्हता.

प्रियंका कलबुर्गीहून फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला लागली होती. येताना तिनं पिशवीत दोन यंत्रं आणली होती. एक साधा मल्टिमीटर. दुसरा तारेवरचं आवरण किती धड आहे ते सांगणारा टेस्टर, कॉलेजातून सही करून आणलेला.

घर मैलूरमध्ये, शिवशंकरप्पांचं. पुढच्या मोठ्या खोलीत त्यांनी एके काळी बीदरमधला अगदी सुरुवातीचा कॉम्प्युटर क्लास चालवला होता. आता वय अठ्ठ्याहत्तर, अंगानं वाळलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. राजपालला त्यांनीच फोन करून बोलावलं होतं, आणि फोनवर न सांगितलेली अट दारातच सांगितली.

"सहामधला कुठला बी एक निवडा. पण सात नंबर त्याच्यासंगं न्यायचा. आजच."

"एकावर एक फुकट?" राजपाल हसला. "न्हेतो की, अप्पा."

"कामून, अप्पा?" प्रियंकानं विचारलं. "त्यात काय खराबी हाय का?"

"जागा अडकायलीया," शिवशंकरप्पा म्हणाले, आणि त्या मोकळ्या, चौदा प्लगांच्या खोलीकडे पाठ करून खुर्चीत बसले.

निवडायचं काम दोन तास चाललं. एक नंबरच्या रबरी बटणांपैकी सहा मेलेली होती. दोन नंबर सुरू केला की पडद्यावर नुसते रंगीत चौकोन यायचे, मेमरी गेलेली. चार नंबर प्रियंकानं सुरूच केला नाही, कारण त्याच्या पॉवर सप्लायवर पाच व्होल्टच्या जागी सहा पूर्णांक आठ येत होते, आणि तेवढ्यानं आतल्या चिपा जळतात. पाच आणि सहा शाळांसाठी आलेले, दणकट, बटणं अजून कोरी. पण त्यांच्यावर चालणाऱ्या कॅसेटी खोक्यात चारच सापडल्या. राहता राहिला तीन नंबर. त्यावर गेम लोड झाला, जॉयस्टिक चालली, आवाज आला. फक्त पडद्यावर एक काळा आडवा पट्टा खालून वर हळूहळू सरकत राहायचा.

"ह्यो पट्टा नको," राजपाल म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणंल डोळे दुखायलेत."

मग तो सात नंबरकडे गेला.

सात नंबर कुठल्या कंपनीचा नव्हता. कुणीतरी आतला बोर्ड वेगळा मिळवून तो पत्र्याच्या पेटीत बसवला होता. पॉवर सप्लायही त्याच पेटीत. पेटीला राखाडी रंग, वरच्या बाजूला हवेसाठी ओळीनं नऊ फटी, सगळं हातानं कापलेलं तरी कानसून गुळगुळीत केलेलं. राजपाल लाकडी स्टुलावर मांडी घालून बसला, बटण दाबलं, कॅसेट लावली. चार मिनिटांनी पडद्यावर जे चित्र आलं त्यात पट्टा नव्हता, थरथर नव्हती. ठिपका न् ठिपका वेगळा दिसत होता.

"बाप रे," राजपाल म्हणाला. "अप्पा, ह्योच घेतो मी. दुसरा कशाला पायजे? असं चित्र हैदराबादेत बी बघितलं न्हवतं."

शिवशंकरप्पा चित्राकडे बघतच नव्हते. ते आतल्या दाराकडे बघत होते.

प्रियंकानं पेटीवरून बोटांची मागची बाजू हळूच फिरवली. प्रयोगशाळेतली सवय होती. पत्रा खरखरीत लागला, जणू बारीक वाळू चिकटलेली. तिनं डोळे जवळ नेले. वाळू नव्हती, रंग तुळतुळीत होता. तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि पुन्हा बोटं फिरवली. गुळगुळीत. बटण चालू केलं. खरखरीत.

"ए, गेम गेला की!" राजपाल ओरडला. "कामून बंद केलीस?"

पायात मोजे होते म्हणून नुसती खरखर, अनवाणी असती तर झटका बसला असता. तिनं मोज्यातली बोटं आवळून घेतली.

तेवढ्यात आतून नागम्मा आल्या, शिवशंकरप्पांच्या पत्नी. न्हालेल्या केसांचा ओला अंबाडा, एका हातात पाण्याचं तांब्याचं भांडं, दुसऱ्या हातात विभूतीची पांढरी गट्टी. श्रावणातला सोमवार होता. त्यांच्यामागं शहाबादी फरशीवर ओल्या, अनवाणी पावलांचे ठसे उमटत आले.

शिवशंकरप्पा खुर्चीतून उठले आणि भिंतीवरच्या बटणापाशी जाऊन उभे राहिले. एवढ्या वयाचा माणूस इतका झटकन उठेल असं प्रियंकाला वाटलं नव्हतं.

"ऊठ बाबा जरा," नागम्मा राजपालला म्हणाल्या. "माझं झालं की खेळ मग."

राजपाल उठला. नागम्मांनी गट्टी पाण्यात भिजवली, पेटीवर तीन बोटं ओढली. फटींच्या ओळीवरूनच, कारण पेटीचं कपाळ म्हणावं तर ते तिथंच होतं. पांढरं पाणी फटींतून आत उतरलं. मग त्यांनी उजवा तळवा उघडला आणि पेटीकडे नेला.

खट्. पडदा काळा झाला.

"लाइट गेली," शिवशंकरप्पा म्हणाले.

नागम्मांचा तळवा पत्र्यावर टेकला. त्या थोडा वेळ तशाच थांबल्या, कानोसा घेतल्यासारख्या. मग मान वर करून छताकडे बघितलं.

"फॅन फिरायलाय," त्या म्हणाल्या.

फॅन फिरत होता.

"अव्वा," प्रियंकानं विचारलं, "हात कामून ठेवता त्याच्यावर?"

"तो धरतो की."

"कोण?"

"गुरुबसव. माझा ल्योक. ही पेटी त्यानंच बनिवलेली, पोरी. बत्तीस वर्षं झाली त्याला जाऊन. दर सोमवारी इबूत लावते, मग हात ठेवते, मग तो धरतो. बारीक बारीक मुंग्या येत्यात इथवर." त्यांनी कोपर दाखवलं. "लहानपणी दात फुटताना बोट चावायचा, तसं."

प्रियंकानं आवाज शक्य तितका साधा ठेवला. "बाराही महिने सारखंच?"

"न्हाई. उन्हाळ्यात नुसता शिवतो. पावसाळ्यात घट्ट धरतो. आन् ह्या श्रावणात तर..." नागम्मा हसल्या. त्यांच्या तोंडात चार दात होते. "टाचा दुखत्यात म्हणून डॉक्टरनं रबरी चपला दिल्यात घरात घालायला. मी म्हणलं, देवाच्या पुढं चपला घालून उभं ऱ्हायचं अन् लेकरानं हात धरावा म्हणायचं, हे काय बरोबर न्हाई. श्रावणभर चपला सोडल्या. गेल्या सोमवारी असा धरला, असा धरला, सोडंचना."

"मी बटन बंद केलं तवा सुटला," शिवशंकरप्पा म्हणाले. ते प्रियंकाशी बोलत होते, बायकोशी नाही. "दातखीळ बसली व्हती हिची. डोळे पांढरे. म्हणून फोन केला तुमाला. सोमवारच्या आधी या म्हणलं, तर तुमी सोमवारीच आलाव."

"न्यायचा?" नागम्मांनी विचारलं. "ह्यो कुणी न्यायचा?"

आता राजपाल त्या साफ चित्राच्या पडद्यापासून दोन पावलं मागं सरकला होता.

"अव्वा, बसा," प्रियंका म्हणाली. "गुरुबसव अण्णा कसे गेले ते सांगता का मला?"

सांगितलं नागम्मांनीच, आणि फार वेळा सांगून झालेल्या गोष्टीसारखं सपाट आवाजात. एकविसावं चालू होतं. सोमवार होता. नुकतीच फरशी पुसली होती, न्हाऊन आलेलं पोरगं गेम खेळायला बसलं. आई स्वयंपाकघरात. गेमचा आवाज येत राहिला, त्याचा आला नाही. येऊन बघते तर स्टुलावरून खाली उतरलेला, पाय फरशीवर, एक हात पेटीवर, मान खाली. डॉक्टर म्हणाला, हृदय. जन्मापासूनच कमजोर असेल. कुणी चिरफाड केली नाही, कुणी करू दिलीही नसती.

"डॉक्टरनं हृदय म्हणलं," शिवशंकरप्पा म्हणाले. "मी बी हृदयच म्हणलं."

ते अजून बटणापाशीच उभे होते. बोलताना त्यांनी भिंतीला हात टेकला.

"पोरी, तू शिकलेली हाईस म्हणून विचारतो. त्या पेटीला पयले तीन तारा व्हत्या. हिरवी एक. ती जोडली की चित्रात काळा पट्टा फिरायचा, त्या तीन नंबरमधी फिरायलाय तसा. गेम बी धड लोड व्हायचा न्हाई. पोरगं चार दिवस खटपट करत बसलं. मी हिरवी तार सोडवून बघितली. पट्टा गेला. चित्र आरशावानी. लई खूश झाला. म्हणला, अप्पा, तुमी तर माझ्यापेक्षा हुशार निघालाव."

त्यांनी बटणावरून अंगठा फिरवला.

"ती तार तशीच ऱ्हायली," ते म्हणाले. "त्या सोमवारी बी."

राजपालनं हळूच बहिणीला विचारलं, "पिंके, ती हिरवी तार म्हंजे?"

"अर्थिंग. पत्र्यात करंट उतरला तर तो जमिनीत जाऊ देणारी. ती नसली की तो वाट बघत बसतो, कुणाचा तरी हात लागेपर्यंत."

नागम्मांनी नवऱ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादी वस्तू घरात इतकी वर्षं होती आणि आपल्याला दिसली नाही, तसं.

"बत्तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "मी हितं हात ठेवत व्हते, आन् तुमी बटनापाशी उभं ऱ्हात व्हतात. मला वाटायचं, तुमी बी त्याला भेटायला येताव."

"मला म्हाईत न्हवतं, नागू. संशय व्हता नुसता."

"मग काढा की संशय. ही पोरगी यंत्रं घिऊन आलीया. मोज, पोरी. माझ्या लेकराला हृदयानं नेलं का ह्या पेटीनं, ते सांग. पेटीनं न्हाई नेलं, तर ही हितंच ऱ्हाईल आन् मी हात ठेवीन. चपला न घालता. कुणी मधी यायचं न्हाई."

"आन् पेटीनं नेलं असंल तर?" राजपालनं विचारलं.

नागम्मांनी स्टूल बाजूला सरकवून प्रियंकाला वाट करून दिली.

प्रियंकानं प्लग काढला, पाच मिनिटं थांबली, मग आठ स्क्रू काढून वरचा पत्रा उचलला. आत गुरुबसवची कारागिरी होती: तारा वेणी घातल्यासारख्या बांधलेल्या, प्रत्येकीवर बारीक अक्षरात चिठ्ठी. आणि फटींच्या बरोबर खाली, जिथं भिंतीकडून येणारी वीज स्क्रूंच्या पट्टीवर जोडली होती, तिथं बोटभर जाडीचा करडा थर. विभूतीचा. दर सोमवारच्या तीन बोटांतलं थोडं थोडं पाणी, स्क्रूंवरून ओघळून पत्र्यापर्यंत पोचलेलं, वाळलेलं, पुन्हा भिजलेलं.

तिनं टेस्टर लावला. शून्य पूर्णांक एक सहा मेगाओहम. वीज किती अडते ते सांगणारा हा आकडा धड पेटीत दोनच्या पुष्कळ वर पाहिजे.

"राख सुकी असली तर फार वीज नेत न्हाई," ती म्हणाली. "पण गोवऱ्यांच्या राखेत क्षार असत्यात. हवेतली ओल ओढून घेती. म्हणून पावसाळ्यात जास्त. भिजली तर लईच जास्त."

"म्हंजे पेटीच," शिवशंकरप्पा म्हणाले.

"न्हाई, अप्पा. हे बत्तीस वर्षांचं हाय. त्या दिवशी आत एवढी राख नसणार. आजचा आकडा त्या दिवसाचा धरता येत न्हाई."

"पेटी बनवून किती दिवस झाले व्हते, अव्वा?" राजपालनं विचारलं. त्यालाही आता कळू लागलं होतं.

नागम्मांनी बोटं मोजली नाहीत. "आदल्या दिवशीच पुरी झाली व्हती. शनवारी चित्र साफ झालं, म्हंजे ती तार तवाच काढली, आईतवारी वरचा पत्रा बसवला त्यानं. सोमवारी मी पयल्यांदा पूजली. पयली इबूत, आन् मग तो बसला." त्या थांबल्या. "मीच लावली. वल्ली. अशीच."

प्रियंकाला वाटलं, आता इथंच थांबावं, पेटी उचलावी आणि रिक्षात टाकून न्यावी. पण म्हातारीची नजर तिच्यावरून हलली नव्हती.

"मग एका दिवसाचंच मोज," नागम्मा म्हणाल्या. "जुनं सगळं खरवडून टाक."

खरवडायला पाऊण तास लागला. दात घासायचा ब्रश, मग सुकं फडकं, मग स्पिरिट. निघालेली राख वर्तमानपत्रावर जमली, दोन मुठी तरी होती. नागम्मांनी कागदाची पुडी बांधून ती कनवटीला खोचली. टेस्टरनं आता वीस मेगाओहमच्या वर दाखवलं. पेटी बनली त्या दिवशी होती तशी झाली होती.

हात लावायला माणूस लागणार नव्हता. प्रियंकानं टेस्टरच्या डब्यातून एक हजार ओहमचा रोधक, म्हणजे रेझिस्टर, काढला. ओल्या हातापायाचं माणूस विजेला साधारण तेवढंच अडवतं. त्याचं एक टोक पत्र्याला, दुसरं फरशीवर ठेवायच्या तांब्याच्या ताटलीला. मल्टिमीटर रोधकाच्या दोन टोकांना.

"हजारचा रोधक हाय, म्हणून मीटरवर जितके व्होल्ट, तितके मिलीअँपियर," तिनं सांगितलं. "एकाला मुंग्या येत्यात. धाच्या पुढं हात सुटत न्हाई. तीसच्या वर क्षणभर जरी ऱ्हायला, तर हृदयाचे ठोके भरकटू शकत्यात."

"तीस," नागम्मा म्हणाल्या, लक्षात ठेवायला म्हणून.

प्रियंकानं वरचा पत्रा बसवला, आठही स्क्रू आवळले. रबरी चपला मागून घेतल्या आणि पायात चढवल्या. सगळ्यांना टेबलापासून लांब उभं केलं. विभूती न लावता आधी एकदा बटण दाबलं. मीटरवर शून्य पूर्णांक शून्य. हिरवी तार नसतानाही.

शिवशंकरप्पांनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू गेला. ते कितीतरी वेळ तो धरून होते. "बघ, नागू," ते म्हणाले. "काई न्हाई. हृदयच व्हतं."

"अजून मी कुठं लावलीया," नागम्मा म्हणाल्या.

प्रियंकानं प्लग काढला. नागम्मांनी आतून फडकं आणून खिडकीपासून टेबलापर्यंत फरशी पुसली, कोपऱ्यापासून सुरुवात करून, रोजच्यासारखी. ओल्या फरशीवर ताटली ठेवली. मग गट्टी पाण्यात भिजवली. तीन बोटांचे पट्टे वाकडे आले. राजपाल म्हणाला, "अव्वा, ऱ्हाऊ द्या आता," पण त्यांनी तिसऱ्या बोटाचा पट्टा शेवटपर्यंत नेला. पांढरं पाणी फटींतून आत उतरलं. आत थेंब पडल्याचा आवाज आला, पाच वेळा.

त्या मागं येऊन नवऱ्याशेजारी उभ्या राहिल्या.

प्रियंकानं प्लग लावला आणि डावा हात पाठीमागं ठेवून उजव्या हातानं बटण दाबलं. पडदा उजळला. मीटरवरचा आकडा तीनवर आला, अकरावर गेला, क्षणभर सव्वीसवर रेंगाळला, आणि पुढं चढून थांबला. तिनं तीस सेकंद मोजले. आकडा हलला नाही. तिनं बटण बंद केलं, वही उघडली आणि लिहिलं.

विभूती, एका दिवसाची. फरशी ओली. अर्थिंग नाही. अडतीस पूर्णांक सहा मिलीअँपियर.